मदत हवी आहे: वारसनोंद सांगून आईची सही घेतली, कागद निघाला हक्कसोडपत्राचा

धाकटीलेक:

नमस्कार. प्रश्न माझ्या आईचा आहे. ती ६३ वर्षांची, शाळा चौथीपर्यंत. सही करते, पण टाईप केलेला सरकारी मजकूर तिला धड वाचता येत नाही. तिचं माहेर सातारा जिल्ह्यात. आजोबांच्या नावावर साडेचार एकर, पणजोबांकडून आलेली. त्यातली दोनेक एकर विहिरीखाली भिजते, बाकी माळ. आजोबा २०१७ ला गेले, आजी २०२१ ला. मृत्युपत्र कुणाचंच नाही. मागे मामा, आई आणि मावशी.

डिसेंबर २०२२ मध्ये मामाचा फोन आला की तात्यांच्या (म्हणजे आजोबांच्या) जागी वारस लावायचेत, तुझी सही लागते, एक दिवस येऊन जा. आई एसटीने एकटीच गेली. तालुक्याला दुय्यम निबंधक कार्यालयात फोटो काढला, अंगठे घेतले, चार-पाच पानांवर सह्या घेतल्या. मामाने जेवायला घातलं, साडी घेतली, संध्याकाळी गाडीत बसवून दिलं. घरी येऊन आई म्हणाली, वारसनोंद झाली. आम्ही कुणीही कागद मागितला नाही. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो, त्यासाठी निबंधक कार्यालयाची पायरी चढायची गरज नसते, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

यंदा भाऊबीजेला गेलो तेव्हा मामेभावाच्या तोंडून निघून गेलं की विहिरीकडच्या रानाची विसारपावती झाली आहे. परत आल्यावर रात्रीच महाभूलेखवर गट नंबर टाकला. सातबाऱ्यावर एकटा मामा. फेरफार काढले तर दोन निघाले. पहिला वारसनोंदीचा, नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर, त्यात तिघांची नावं. दुसरा फेब्रुवारी २०२३ चा, १४ डिसेंबर २०२२ च्या नोंदणीकृत हक्कसोडपत्राने आई आणि मावशीचं नाव कमी.

आईला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे माझं नाव लागलं होतं का गं आधी?"

मावशी म्हणते तिला सगळं माहीत होतं, तिने राजीखुशीने सोडलं. आईने नाही सोडलेलं. आईने मामाला फोन केला तर तो तिला म्हणतो, तुझं लग्न १९८३ चं, ९४ च्या आधी लग्न झालेल्या पोरींना हक्कच नाही, सही नुसती रीत म्हणून घेतली.

हा कागद रद्द होतो का? मुदत किती? विसार झालेली जमीन थांबवता येते का? आणि आईची एक अट आहे: दादाच्या दारात पोलीस जायला नकोत. तिला माहेर हवं आहे. मलाही तिचं माहेर तुटायला नको आहे, पण ती फसली हे मी पोटात घालू शकत नाही.

बांधावरून:

आमच्या आत्याच्या बाबतीत यातून गेलो आहे. आधी त्या दस्ताची प्रमाणित प्रत काढा. सूची दोनवर समाधान मानू नका, तिच्यात फक्त गोषवारा असतो. पूर्ण दस्तात तुमच्या आईच्या तोंडी काय घातलंय ते वाचा. "दस्त वाचून, समजून, राजीखुशीने" हे वाक्य असणारच. ओळखदार म्हणून कुणी सह्या केल्या ती नावंही त्यात मिळतील, ती माणसं पुढे महत्त्वाची ठरतात. आईने सही केलेली असल्यामुळे त्यांना प्रत सहज मिळते. दस्त क्रमांक आणि तारीख फेरफारावर आहेच.

मोगरा७२:

ताई, राग मानू नका. दीड एकराच्या तुकड्यासाठी आईला या वयात कोर्टात उभं करणार का? भाऊ गेला तर साडीचोळी कोण करणार? माझ्या सासूबाईंनी हक्क मागितला, त्यानंतर १४ वर्षं त्यांना कुणी बोलावलं नाही. त्या शेवटपर्यंत झुरल्या.

धाकटीलेक:

मोगराताई, राग नाही. हीच भीती आईला आहे, म्हणून तर विचारतेय. पण मला एक सांगा, तिने स्वतः सोडलं असतं तर ते माहेरासाठी केलं असं म्हणता आलं असतं. मावशीने तसं केलं, तिचा मान आहे. आईला तर विचारलंच नाही. ती आता रात्री उठून बसते आणि म्हणते, "दादाने मागितलं असतं तर मी दिलं असतं." तिला जमिनीपेक्षा हे जास्त लागलंय.

दिवाणी_वकिली:

सातारा-सांगलीकडे असे दावे मी बरेच चालवले आहेत. तुमच्या पोस्टमध्ये एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या लक्षात आली नसावी, तिच्यावर शेवटी येतो.

आधी १९९४. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, आणि त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. मामा ते धरून बसले आहेत. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिच्यात लग्नाची अट नाही. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील हयात असण्याचीही गरज नाही. तुमचे आजोबा तर २०१७ ला गेले. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं नसेल, तर तिघांचा सारखा वाटा. साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे, आईचे ६०. तुकडेबंदीचा (शेतीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या कायद्याचा) अडसर इतक्या क्षेत्राला येत नाही. आणि साधा विचार करा, हक्कच नव्हता तर सोडून घेतला काय?

आता मुदत. हे नीट वाचा. दस्त रद्द करून मागायला तीन वर्षं मिळतात, फसवणूक कळल्यापासून. तुम्ही म्हणाल आत्ता कळलं. समोरचा वकील म्हणेल सही हिची, फोटो हिचा, अंगठा हिचा, त्याच दिवशी कळलं. नोंदणीकृत दस्त खरा आहे असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायचा भार आईवर. म्हणून वाद नकोच, दस्ताच्या तारखेपासून मोजा. १४ डिसेंबर २०२५ हा रविवार आहे, आदला दिवस दुसरा शनिवार. सोमवारी दावा घेतीलही, पण त्या भरवशावर राहू नका. शुक्रवार १२ डिसेंबर ही तुमची शेवटची तारीख समजा, आणि खरं तर नोव्हेंबरातच दाखल करा. नोटीस पाठवणं, गावकीत बसणं, यांपैकी कशानेही मुदत थांबत नाही. "दिवाळी झाली की बसू, लग्नसराई होऊ दे मग बसू" असं करत तीन वर्षं उलटून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

विसारपावतीने मालकी जात नाही, खरेदीखत व्हायचं आहे. दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा, म्हणजे त्यानंतर कुणी घेतलं तरी दाव्याच्या निकालाला बांधील राहील. खरेदीदार कोण ते कळलं तर त्यालाही वकिलामार्फत नोटीस द्या. बऱ्याचदा एवढ्यानेच तो मागे सरतो, वादातलं रान कुणाला नको असतं. निबंधकाला नुसता अर्ज देऊन दस्त थांबत नाही, मनाई हुकूम लागतो.

फेरफाराविरुद्ध प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील असतं, त्याची ६० दिवसांची मुदत गेली आहे. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सगळी ताकद तिथे घालवू नका. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी येत नाही आणि जात नाही.

आणि ती गोष्ट. वारसनोंद नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झाली होती. मामांनी डिसेंबरमध्ये "वारस लावायचेत" म्हणून बोलावलं. जे काम महिनाभर आधीच झालेलं, त्यासाठी सही कशाला? तुमचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे आणि तो सरकारी कागदावर आहे. मजकूर चुकीचा सांगितला, आणि कागद कसला आहे हेच खोटं सांगितलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध झाली तर दस्त मुळातच शून्य ठरतो. तरीही दाव्यात दोन्ही घाला: दस्त बंधनकारक नाही असं जाहीर करा, तो रद्द करा, वाटप द्या, मनाई द्या.

धाकटीलेक:

वकीलसाहेब, तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि मग आईला सावकाश वाचून दाखवलं. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा भाग ऐकल्यावर ती म्हणाली, "फोनवर तो हेच म्हणाला होता, वारस लावायचेत." मग गप्प झाली. खर्चाचं विचारायचं राहिलं. वडिलांच्या पेन्शनवर दोघांचं चालतं. आणि पोलिसांशिवाय हे होईल ना?

दिवाणी_वकिली:

हे पूर्ण दिवाणी प्रकरण आहे. मामांना कोर्टाचं समन्स जाईल, पोलीस जाणार नाहीत. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्यालाही समिती असते. फोनवर १५१०० लावा.

तडजोडीचं म्हणाल, तर प्राधिकरण दाव्याआधीही दोघांना बोलावून बसवतं, पण पुन्हा सांगतो, त्याने मुदत थांबत नाही. म्हणून आधी दावा, मग तडजोड. चालू दाव्यात लोकअदालतीत बसलात तर तिथल्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते, त्यावर अपील नाही. मामांनी ऐकलं तर एका तारखेत संपेल. माझ्या अनुभवात भावाबहिणींचे निम्मे दावे मनाईच्या सुनावणीनंतर मिटतात, कारण तोवर भावालाही त्याचा वकील खरं काय ते सांगतो.

बांधावरून:

आमची आत्या दाव्यानंतर दोन वर्षं माहेरी आली नाही. तिसऱ्या वर्षी काकाच्या नातवाच्या बारशाला आली. वाटणीत तिला विहिरीची पाळी मिळाली, ती पाळी ती आजही काकालाच देते. मोगराताईंनी लिहिलेलं खोटं नाही, पण सगळीकडे तसंच होतं असंही नाही.

मोगरा७२:

ताई, काल मी घाईत लिहिलं. दोन फेरफारांचं वाचून मीही थबकले. तुमच्या आईला विचारा, त्यांना काय हवंय. आपण सगळे त्यांच्या वतीनेच बोलतोय.

धाकटीलेक:

विचारलं.

काल साताऱ्याला प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन आलो. अर्ज घेतला, वकील नेमून दिल्या, आमच्याच भागातल्या बाई आहेत. प्रमाणित प्रतही मिळाली. दस्तात लिहिलंय की आईला "लग्नात पुरेसं स्त्रीधन दिल्यामुळे" तिने हक्क सोडला. आई म्हणाली, लग्नात अर्ध्या तोळ्याचं डोरलं आणि पाच भांडी दिली होती. एक ओळखदार मामाचा मेव्हणा आहे, दुसरा तिला माहीत नाही.

वकीलबाईंनी वकीलपत्र पुढे केलं तर आईने पेन हातात घेतला नाही. मला म्हणाली, "वाच आधी." मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. दोन ठिकाणी तिने थांबवून अर्थ विचारला. मग सही केली.

तिने बाईंना सांगितलंय की दावा घाला, पण पहिल्या तारखेलाच तडजोडीचं विचारा. विहिरीकडचं रान तिला नकोय, माळावरचे ६० गुंठे चालतील. बाई म्हणाल्या तसं लिहून ठेवू, आत्ता दाव्यात मात्र पूर्ण हिस्साच मागायचा.

एक प्रश्न उरला आहे. मावशीला दाव्यात प्रतिवादी करावं लागतं म्हणे, वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार लागतात म्हणून. समन्स आलं की ती घाबरेल. तिला आधी फोन करून सांगितलेलं चालतं का, की त्याने दाव्याला काही बाध येतो?

दिवाणी_वकिली:

खुशाल सांगा. समन्स हातात पडायच्या आधी तुमच्या आईनेच सांगितलं तर उत्तम. फक्त दावा दाखल होऊन मनाई अर्जावर पहिला हुकूम होईपर्यंत थांबा. तोवर खरेदीखत व्हायला नको.