ताऊलचा ख्रिस्त भिंतीवरून सोलून म्युझियममधे नेला, ते बरोबर होतं का?

भटकी_गोगलगाय:
गेल्या महिन्यात स्पेनमधे पिरेनीज डोंगरात, बोई खोऱ्यातल्या ताऊल गावी जाऊन आले. सांत क्लिमेंत नावाचं रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतलं) चर्च आहे, 10 डिसेंबर 1123 ला त्याची प्रतिष्ठापना झाली असं आतल्या एका खांबावरच रंगवून लिहिलं होतं. बाहेरून एकदम साधं, दगडी, लाकडी छप्पर, आणि बाजूला सहा मजली चौकोनी घंटामनोरा, वर चढत जाल तशा खिडक्या वाढत जातात त्यामुळे एवढा उंच असून जड वाटत नाही. मी तासभर नुसती त्या मनोऱ्याकडे बघत बसले होते.

पण मी गेले होते आतल्या ख्रिस्तासाठी. गाभाऱ्याच्या गोल पाठभिंतीवरचा, बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत बसलेला, हातातल्या पुस्तकावर 'मी जगाचा प्रकाश आहे' असं लॅटिनमधे लिहिलेलं. तर तो तिथे नाहीच! मूळ चित्र शंभर वर्षांपूर्वी सोलून बार्सिलोनाला नेलं, आता 2013 पासून भिंतीवर प्रोजेक्टरने काही मिनिटांचा शो दाखवतात. शो संपला की परत उघडी भिंत. मला तर देव उठून गेलेल्या देवळात आल्यासारखं झालं. माझं मत, चित्र परत आणून लावावं. तुम्हाला काय वाटतं?

चुन्याची_डबी:
ताई, जाण्याआधी वाचलं असतं तर एवढा धक्का बसला नसता :) नेलं कशामुळे ते पण सांगा की. 1919 च्या सुमारास त्याच भागातल्या मूर गावच्या चर्चमधलं अख्खं भित्तिचित्र विकलं गेलं आणि 1921 मधे बोस्टनच्या म्युझियममधे पोचलं, आजही तिथेच आहे. विक्री थांबवणारा कायदाच नव्हता. मग बार्सिलोनाच्या म्युझियम मंडळाने ठरवलं की बाकीची आपणच विकत घेऊन खाली आणायची, आणि ज्या इटालियन कारागिरांना हे सोलण्याचं तंत्र येत होतं त्यांनाच कामाला लावलं. 1919 ते 1923 मधे बोई खोऱ्यातली आणि आजूबाजूची चित्रं काढली. नसती काढली तर आज तुम्ही ख्रिस्त बघायला अमेरिकेला गेला असता.

भटकी_गोगलगाय:
ते माहितीये हो. पण चोराच्या भीतीने दागिना बँकेत ठेवला तर चोर गेल्यावर घरी आणायचा की नाही? आता कायदे आहेत, त्या खोऱ्यातली चर्चेस 2000 पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आता कोण विकणारे?

घाटावरचा_गवंडी:
दागिन्याची उपमा इथे चालत नाही, दागिना काढला-घातला तरी तोच राहतो. इथे काय करतात बघा: चित्रावर प्राण्यांच्या सरसाने कापड चिकटवतात, सुकलं की ते आकसतं आणि ओढलं की रंगाचा पातळ पापुद्रा कापडासकट सुटून येतो. तो गुंडाळायचा, खेचरावर लादून डोंगर उतरवायचा, खाली नेऊन मागून नवीन कापड लावायचं आणि मग पुढचं कापड सोडवायचं. म्हणजे म्युझियममधे आहे ती भिंत नाही, भिंतीची साल आहे. ती परत सोलून थंडी-बर्फाच्या दमट चर्चमधे लावायची म्हणजे हातची घालवायची. मी स्वतः गिलाव्याचं काम करतो, ओल कशी चढते ते रोज बघतो.

अर्धा_कप_चहा:
गवंडीभाऊंशी सहमत, फक्त एक. भिंतीवर थोडा रंग मागे राहिलाच ना! नंतर तिथे नवीन नक्कल रंगवली होती, ती 2013 ला काढल्यावर खाली मूळ चित्राचे अवशेष दिसतात, शो मधे प्रकाश त्याच्यावरच पडतो. म्हणजे 'देव उठून गेला' हे पूर्ण खरं नाही. आणि गावाने तरी ते चित्र कुठे सांभाळलं होतं? पुढे गॉथिक (म्हणजे रोमनेस्कच्या नंतरच्या) काळातला मोठा लाकडी पडदा उभा करून ते शतकानुशतकं झाकून ठेवलेलं.

भटकी_गोगलगाय:
झाकलं म्हणून तर टिकलं!

अजिंठ्याचा_शेजारी:
गंमत बघा, जवळपास त्याच वर्षांत, 1920 ते 22, निजाम सरकारने अजिंठ्याला चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणले होते. त्यांनी एकही चित्र सोललं नाही, सुटलेला गिलावा जागच्या जागी पक्का केला. म्हणजे जागेवर टिकवायचं तंत्र तेव्हाही होतं, बार्सिलोनावाल्यांची इच्छा नव्हती. आज आपण लेण्यात उभं राहून बघतो ना पद्मपाणि? ती मजा म्युझियममधे येईल का?

चुन्याची_डबी:
आणि त्या इटालियन लोकांनी अजिंठ्याच्या चित्रांवर शेलॅक (लाखेचं रोगण) फासलं ते पण सांगा, ते काळवंडलं आणि नंतरच्या लोकांना काढत बसावं लागलं. जागेवर ठेवणं म्हणजे आपोआप सुरक्षित असं नसतं. सिखेनाचं बघा, स्पेनच्याच अरागोन भागातला मठ 1936 च्या यादवीत जाळला, उरलेली होरपळलेली चित्रं काढून बार्सिलोनाला आणली. 2025 मधे स्पेनच्या सुप्रीम कोर्टाने ती परत द्या म्हटलं, आणि म्युझियमचे तज्ज्ञ म्हणतात हलवलीत तर तुटतील.

अजिंठ्याचा_शेजारी:
बघा, म्हणजे कोर्टसुद्धा गावाच्याच बाजूने! 😄

घाटावरचा_गवंडी:
कोर्ट गावाच्या बाजूने असेल हो, पापुद्रा कोणाच्याच बाजूने नाही.

अर्धा_कप_चहा:
मी बार्सिलोनात बघितलंय. तिथे गाभाऱ्याचा गोल आकार लाकडात बांधून त्यावर चित्र बसवलंय, त्यामुळे ख्रिस्त वाकून आपल्यावर येतो तसाच येतो. निळा रंग पिरेनीजमधेच सापडणाऱ्या एरिनाइट दगडाचा, तो अजून झगझगीत आहे. बायबलमधलं सात डोळ्यांचं कोकरू आहे, आणि बायबलच्याच गोष्टीतला, श्रीमंताच्या दाराशी पडलेला भिकारी लाझारस, त्याच्या जखमा कुत्रा चाटतोय, मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभी होते. पण एक कबूल, तिथे खिडकीतून येणारा सकाळचा उजेड नाही, घंटा नाही, दगडाचा गारवा नाही.

भटकी_गोगलगाय:
हेच तर मी म्हणतेय! बरं, परत लावण्याचा हट्ट सोडते, गवंडीभाऊंच्या पापुद्र्यामुळे. पण म्युझियमने तिकिटाच्या पैशातला हिस्सा ताऊलला द्यावा हे माझं म्हणणं कायम. आणि कोणी जाणार असाल तर आधी बार्सिलोनाला चित्र बघा, मग ताऊलला जा. मी उलटं केलं.