मदत हवी आहे: आईची पापणी संध्याकाळीच का पडते?

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. आई ५६ वर्षांची. विरळणीला मान वर, हात वर करून दिवसभर मांडवाखाली उभी राहणारी बाई. यंदा दुपारनंतर तिचे हात आपोआप खाली यायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. मग दिवेलागणीला डावी पापणी पडायची, देवापुढच्या एका वातीच्या दोन दिसायच्या. सकाळी पुन्हा ठणठणीत, त्यामुळे घरात कुणाला खरं वाटेना (मलाही, खोटं कशाला बोलू). चुलते तर म्हणाले, बागेत काही चावलं असेल, नाग चावल्यावर अशाच पापण्या मिटतात.

मिरजेत मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवलं. रक्तात ॲसिटिलकोलीन रिसेप्टर अँटिबॉडी (शरीरानं चुकून स्वतःविरुद्धच बनवलेली प्रथिनं) पॉझिटिव्ह, आजार मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा. पायरिडोस्टिग्मिनची गोळी चालू आहे, छातीचा सीटी स्कॅन सांगितलाय. अँटिबॉडी रक्तात चोवीस तास असतात ना, मग सकाळी त्रास का नाही? आणि पापणीसाठी छातीचा स्कॅन कशाला?

उत्तर, साताऱ्याहून:
दादा, मी डॉक्टर नाही, नऊ वर्षांचा पेशंट आहे. तुमचे चुलते फार चुकले नाहीत. नागाचं विषही स्नायूवरच्या याच रिसेप्टरना, म्हणजे नसेचा निरोप घेणाऱ्या जागांना, चिकटतं. नस टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, ते रिसेप्टरवर बसलं की स्नायू आखडतो. अँटिबॉडी काही रिसेप्टर अडवतात, बरेच नष्ट करतात. नस सारखी राबली की दर खेपेला ॲसिटिलकोलीन थोडं कमी सुटतं. हे सगळ्यांचंच होतं, पण निरोगी माणसाकडे रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त असतात, म्हणून निभावतं. आईंकडे ती शिल्लकच उरलेली नाही. रात्रीच्या विश्रांतीनं नसेतला साठा भरतो, म्हणून सकाळ बरी जाते.

गोळीनं अँटिबॉडी कमी होत नाहीत. ॲसिटिलकोलीन मोडणारं एन्झाइम तेवढं रोखलं जातं, तेही तीन-चार तास. स्कॅन छातीतल्या थायमस ग्रंथीसाठी. या आजाराच्या शंभरात दहा-पंधरा जणांना तिथं गाठ निघते, तेव्हा टाळू नका. आणि तापाला गावात जेंटामायसिनसारखं इंजेक्शन घेण्याआधी हा आजार सांगा, काही अँटिबायोटिक्सनी तो उसळतो. गिळताना ठसका लागला, दम लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

धागाकर्ता:
आभारी आहे. सोमवारी स्कॅन. विरळणीला बायका सांगितल्यात. आई खुर्ची टाकून बसते आणि त्यांच्या चुका काढते.