गुण भरपूर येतील, पण कशाचे?

एक सूचना आलीय की मेंदूच्या कॅन्सरच्या पेशंटला सांभाळणाऱ्या जोडीदाराकडून नवरा-बायकोचं नातं कसं आहे ते मोजणारी, स्पॅनियर या संशोधकाची १९७६ ची ३२ प्रश्नांची चाचणी आशाताईंमार्फत (गावच्या आरोग्य कार्यकर्त्या) भरून घ्यावी. चाचणी चांगलीच आहे: एकमत, समाधान, सोबत घालवलेला वेळ आणि जवळीक असे चार भाग, गुण ० ते १५१. पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात ती भरायला बसाल तेव्हा सासू शेजारी असणार, जाऊ दारात. आशाताईही त्याच गावच्या. "नवऱ्याशी किती वेळा भांडण होते?" "नाही जी, कधीच नाही." झालं! कापूस वेचताना वावरात एकटी भेटली, की तीच बाई वेगळं बोलेल.

खरी गोम या आजारात आहे. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असली की माणसाचा स्वभावच बदलू शकतो. सूज उतरवायला दिलेल्या डेक्सामेथासोनने झोप उडते, चिडचिड वाढते ती वेगळीच. मग कमी गुण नात्याचे समजायचे की गाठीचे? म्हणून आजाराआधी कसं होतं तेही विचारा (जुनं जरा गोडच आठवतं, हे धरून), आणि काही महिन्यांनी पुन्हा.

घटस्फोटावरून तर अंदाज बांधूच नका. मेंदूतली गाठ, इतर कॅन्सर आणि एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मज्जासंस्थेचा आजार) यांच्या पेशंटवरचा २००९ चा अमेरिकन अभ्यास आहे: बायको आजारी असताना २०.८ टक्के जोडपी विभक्त झाली, नवरा आजारी असताना २.९. आपल्याकडे कागदावर सहसा काहीच होत नाही, आजारी बाईला माहेरी धाडतात. ती सध्या कुठे राहते, हे मी सगळ्यांत आधी विचारेन.