मदत हवी आहे: बंध न तुटता डेल्टाचा लॅम्डा कसा होतो?

इनऑरगॅनिकवाल्यांनो, जरा मदत करा. डेल्टा आणि लॅम्डा म्हणजे संकुलाची उजव्या आणि डाव्या पिळाची, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली रूपं. निकेलच्या ट्रिस-फेनँथ्रोलीन संकुलात (धातूला तीन फेनँथ्रोलीन रेणू जोडलेले) रेसिमायझेशनचा, म्हणजे एका रूपाचं दोन्हींच्या समान मिश्रणात रूपांतर होण्याचा वेग आणि एक लिगँड (धातूला जोडलेला रेणू) सुटण्याचा वेग जवळपास सारखाच येतो. म्हणजे लिगँड सुटल्यावरच डावं-उजवं बदलतं, हे पटलं. फेरसच्या तशाच संकुलात मात्र रेसिमायझेशन लिगँड सुटण्यापेक्षा बरंच वेगाने होतं, म्हणजे तिथे बंध शाबूत ठेवून पीळ पडत असणार. पण कोणता? बेलार ट्विस्ट (समोरासमोरच्या दोन त्रिकोणी बाजूंपैकी एक दुसरीच्या सापेक्ष फिरणं), की राय आणि दत्त यांनी १९४३ मध्ये मांडलेला? दोन्हींत मधली अवस्था त्रिकोणी प्रिझमचीच, म्हणून तर गोंधळ! लिगँडचा बाइट (धातूला धरणाऱ्या त्याच्या दोन अणूंमधलं अंतर) लहान असेल तर बेलार सोपा, असं सर म्हणाले आणि पुढे सरकले. हे भूमितीने कुणी समजावेल का? आकृती टाकलीत तर फारच बरं.