संपन्न माणसाने आपल्या पैशात भावंडांना वाटेकरी करावे का?

मधला (प्रश्न)

आम्ही तीन भावंडे आहोत: थोरली बहीण, मी आणि धाकटा भाऊ. ज्या कंपनीत मी पंधरा वर्षे नोकरी केली, तिचे माझ्या नावावर साठलेले शेअर गेल्या वर्षी विकले आणि आम्हा नवराबायकोला जन्मभर पुरून उरेल इतकी रक्कम हाती आली. ताई एका कार्यालयात कारकून आहे. तिचे भागते, पण घराचे कर्ज अजून फिटलेले नाही. धाकट्याने दोन व्यवसाय करून पाहिले, दोन्ही बुडाले, आणि आता तो तिसऱ्याच्या विचारात आहे.

दोघांपैकी कोणीही माझ्याकडे काही मागितलेले नाही, आणि माझी खरी अडचण तीच आहे. मागितले असते तर हो किंवा नाही म्हणता आले असते. आता एकत्र बसलो असताना कोणाच्या तोंडून खर्चाचा विषय निघाला की बाकीचे दोघे नजर चुकवतात. पत्नीचे म्हणणे असे की हा पैसा माझ्या एकट्याचा नाही, कारण घर आणि मुले तिने सांभाळली म्हणूनच मी रात्री उशिरापर्यंत काम करू शकलो. तेव्हा द्यायचे की नाही हे मी परस्पर ठरवू नये. ते मला मान्य आहे. मला विचारायचे आहे ते असे की भावंडांना देणे हे मुळात कर्तव्य आहे का, आणि असेल तर दोघांना सारखे द्यावे की गरजेप्रमाणे?

कलमबहाद्दर

कायद्याकडे पाहिले तर याचे उत्तर देशागणिक बदलते, आणि तो फरक विचार करण्याजोगा आहे. जर्मनीच्या नागरी कायद्यात परस्परांच्या पोषणाची जबाबदारी सरळ रेषेतील नातेवाइकांवर, म्हणजे आईवडील, मुले, आजीआजोबा, नातवंडे यांच्यावर आहे. भावंडे त्यात येत नाहीत. इटलीच्या नागरी कायद्यात भावंडेही येतात, पण जबाबदार नातेवाइकांच्या क्रमात ती अगदी शेवटी आहेत, आणि त्यांच्याकडून अपेक्षा आहे ती जगण्यासाठी अत्यावश्यक तेवढ्याचीच. म्हणजे ज्या कायद्याने भावंडांना बांधून घेतले, त्यानेसुद्धा हलाखीतल्या भावंडाला आधार द्या एवढेच म्हटले आहे. आपल्या श्रीमंतीत त्याला भागीदार करा असे म्हटलेले नाही.

मला वाटते, आपल्या प्रश्नात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. भाऊ आजारी पडला, त्याचे छप्पर गेले, तर धावून जाणे हे कर्तव्यच आहे आणि त्याबद्दल कोणाला विचारण्याचीही गरज नाही. मात्र आपले ऐश्वर्य वाढले म्हणून भावंडांचेही त्याच प्रमाणात वाढले पाहिजे, हे कर्तव्य मला तरी कुठे दिसत नाही. त्याला इच्छा म्हणता येईल. चांगली इच्छा आहे, पण इच्छाच.

शेंडेफळ

मी घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने माझे सगळे कर्ज मला न विचारता एका दिवसात फेडून टाकले. त्याने त्याविषयी पुन्हा कधीही एक शब्द काढलेला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तो अत्यंत सज्जन माणूस आहे. तरीही त्या दिवसापासून माझी वागण्याची पद्धत बदलली. घरात नवा सोफा घेतला तेव्हा तो किती सवलतीत मिळाला हे त्याने न विचारताच मी त्याला सांगून टाकले. सहलीला गेलो तर फोटो दाखवताना मन कचरते. लहानपणी मी त्याच्याशी कडाकडा भांडत असे. आता त्याचे चुकले तरी मी गप्प बसते, आणि ते त्याच्याही लक्षात आले असावे.

याचा अर्थ देऊ नये असा नाही. त्या कर्जाने माझी झोप उडाली होती आणि ती परत आली, हे मी विसरलेले नाही. मात्र त्याने आधी विचारले असते तर निम्मे कर्ज मी स्वतः फेडते असे म्हटले असते, आणि त्या निम्म्यामुळे बाकीचे निम्मे घेणे मला सोपे गेले असते. आपण द्यायचे ठरवलेत तर रक्कम ठरवण्याआधी त्यांना विचारावे.

पानगळ

शेंडेफळ यांचे लिखाण वाचून व्हॅन गॉग बंधू आठवले. धाकटा थिओ चित्रांच्या व्यापारात नोकरीला होता आणि सुमारे दहा वर्षे तो विन्सेंटला नियमित पैसे पाठवत होता. (थिओ काही श्रीमंत नव्हता, पगारदार होता, त्यामुळे हे उदाहरण येथे पूर्णपणे लागू पडत नाही, हे मान्य.) १८८४ च्या सुरुवातीला विन्सेंटने त्याला सुचवले की यापुढे मी पाठवलेली चित्रे तुझी समजावीत आणि तुझे पैसे ही माझी कमाई मानावी. त्या काळी त्या चित्रांना बाजारात जवळपास किंमत नव्हती, तरीही तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आपले काहीतरी असावे ही त्याची धडपड होती. एवढे करूनही शेवटच्या महिन्यातल्या, म्हणजे जुलै १८९० मधल्या, त्याच्या एका पत्रात आपण भावाच्या पैशावर जगतो आणि त्याला जड झालो आहोत, ही भीती उघड दिसते.

घेणाऱ्याला परतफेडीची संधी हवी असते आणि देणारा मोठ्या मनाने ती नाकारतो. धाकट्याच्या बाबतीत आपण हे लक्षात ठेवावे.

मधला

सर्वांचे आभार. एक गोष्ट मी सुरुवातीला लिहिली नाही, ती आता लिहितो. बारावीनंतर ताईने शिक्षण थांबवून नोकरी धरली आणि माझ्या पदवीच्या तीनही वर्षांचे शुल्क तिच्या पगारातून भरले गेले. याची घरात कधी चर्चा झाली नाही.

कलमबहाद्दर

मग माझे आधीचे उत्तर ताईंच्या बाबतीत मागे घेतो. तेथे वाटा देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते देणे आहे आणि त्याला बराच उशीर झाला आहे. आधी ते चुकते करा. धाकट्याचा विचार त्यानंतर आणि स्वतंत्रपणे व्हावा. दोघांना सारखे देऊन न्याय झाला असे समजू नका, कारण दोघांशी असलेला आपला हिशोब सारखा नाही.

शेंडेफळ

देणे या शब्दाला माझा आक्षेप आहे. ताईंनी उसने दिले नव्हते. त्या वेळी त्यांनी जे सोडले त्याची किंमत त्या तीन वर्षांच्या शुल्काएवढी नाही, आणि ती कोणत्याही रकमेत बसणार नाही. त्यांच्यापुढे हिशोबाची भाषा काढलीत तर त्या एक पैसा घेणार नाहीत.

पानगळ

धाकट्याविषयी दोन शब्द. त्याला उसने म्हणून द्यायचे असेल तर मुदत आणि हप्ता लिहून ठेवा. परत येणार नाही अशी मनोमन खात्री असेल तर उसने हा शब्दच वापरू नका, कारण न फिटणाऱ्या कर्जाने भाऊ तुमच्या घरी यायचा बंद होतो. तिसऱ्या व्यवसायात पैसे घालण्याआधी पहिले दोन का बुडाले हे त्याच्याच तोंडून ऐका. ते त्याला नीट सांगता आले, तर बुडाले तरी चालेल एवढीच रक्कम घाला आणि मोबदल्यात भागीदारी घ्या. त्याच्या पारड्यात काहीतरी राहील.

मधला

काल ताईकडे जाऊन आलो. शेंडेफळ यांच्या सांगण्याप्रमाणे हिशोब काढला नाही, फक्त विचारले की घराच्या कर्जाला मी हातभार लावला तर चालेल का. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "विचारायला वर्ष लागलं तुला." कर्ज किती उरले आहे हे तिने कागद न पाहता शेवटच्या आकड्यापर्यंत सांगितले, आणि त्यातले अखेरच्या दोन वर्षांचे हप्ते ती स्वतःच भरणार आहे, हेही त्याच दमात सांगितले.

धाकट्याशी अजून बोललो नाही. त्याच्याकडे आपण दोघांनी मिळून जावे असे पत्नीने सुचवले आहे, आणि येत्या रविवारी आम्ही जाणार आहोत.