पाणअस्वलं वाळवली, पाणी घातलं, हलतच नाहीत! तातडीने मदत हवी

पागोळी (धागाकर्ती)
लेक आठवीत आहे, सोमवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. त्याने टार्डिग्रेड, म्हणजे पाणअस्वल हा सूक्ष्म जीव घेतलाय. गडग्यावरचं शेवाळ रात्रभर भिजवलं, सकाळी पिळून पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर खरंच सापडली! आठ पाय, पायांना नख्या, डुलत चालतात. चार वाळवली, दुसऱ्या दिवशी पाणी घातलं. आता सहा तास झाले, काही हालचाल नाही. सगळीकडे लिहिलंय की ही उकळून, गोठवून, अंतराळात नेऊनही मरत नाहीत. मग आमचीच का मेली? पोरगं जेवत नाहीये.

जुना_मास्तर
कशी वाळवली? किती वेळात? पाणी कुठलं?

चंद्रकोर
अंतराळाचं खरं आहे. 2007 मध्ये रशियाच्या फोटॉन-एम3 यानातून वाळलेली पाठवली होती, निर्वात पोकळीतून परत येऊन जगली. 2019 मध्ये इस्रायलचं बेरेशीट यान चंद्रावर आदळलं, त्यातही होती. आणि आपल्या शुभांशू शुक्लांनी 2025 मध्ये अंतराळ स्थानकात टार्डिग्रेडचाच प्रयोग नेला होता. प्रदर्शनात हे नक्की लिहा.

पागोळी
चंद्रकोर, धन्यवाद, पण आत्ता ती जिवंत करायची आहेत. मास्तर, वाळवली म्हणजे वाळवली. पाणी नळाचं.

कौलारू
शेवाळ गडग्यावर वाढू देऊ नका, जांभा फुटतो. ब्लीचिंग पावडर टाकून रात्रभर ठेवा, सकाळी खराट्याने घासा.

जुना_मास्तर
कौलारू, ताईंनी ते विचारलेलं नाही. आणि ताई, या गडग्यावर कृपा करून ब्लीचिंग टाकू नका! नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतं, पावसाचं घ्या. आता मला एकच सांगा: मेलेली दिसतात त्यांचे पाय आत ओढलेले आहेत की पसरलेले?

रसायनी
पायांचं काय घेऊन बसलात? ट्रेहॅलोज नावाची साखर पेशींत काचेसारखी घट्ट होते, ती जीव वाचवते. साखर तयार व्हायला वेळ मिळाला नसेल, इतकंच.

अर्धवर्तुळ
रसायनी, हे जुनं झालं. टार्डिग्रेडच्या बऱ्याच जातींत ट्रेहॅलोज नगण्य असतं, काहींत सापडतच नाही. 2017 च्या संशोधनात त्यांची स्वतःची वेगळी प्रथिनं सापडली, ठरावीक घडी म्हणजे आकार नसलेली. वाळताना तीच काचेसारखी होऊन पेशी सांभाळतात.

रसायनी
म्हणजे काचेचं मी म्हणालो तेच की!

अर्धवर्तुळ
काच तीच, पण साखरेची नाही. हा फरक मोठा आहे. वेळेचं मात्र तुमचं बरोबर.

पागोळी
पाय पसरलेले आहेत. चारही चपटी, काचेला चिकटलेली.

जुना_मास्तर
मग ती गेली, ताई. लेकाला सरळ सांगा. हळूहळू वाळलं की टार्डिग्रेड डोकं आणि पाय आत ओढून घेतो, आखडून पिंपासारखा होतो. अंगातलं जवळजवळ सगळं पाणी जातं, जीवनक्रिया थांबल्यात जमा. चिवटपणा त्या पिंपाचा आहे. चालत्या-फिरत्याचा तेवढा नाही. 2020 मध्ये तपासलं तेव्हा चालते टार्डिग्रेड 37 अंशांवर चोवीस तास ठेवले तर निम्मे मेले. उघड्या काचेवर झरझर वाळला की पाय ओढायलाच सवड मिळत नाही. किती वेळात वाळली होती?

पागोळी
अभ्यासाच्या दिव्याखाली धरली होती. अर्ध्या तासात खडखडीत. त्याला लवकर बघायचं होतं.

जुना_मास्तर
तेच झालं. गाळणकागदाच्या कपट्यावर थेंब सोडा, वर वाटी पालथी घाला, शेजारी ओला कापूस. दिवसभर दमट हवेत सावकाश वाळू दे.

चंद्रकोर
कागद कशाला? शेवाळ तसंच वाळू द्यावं. जपानी शास्त्रज्ञांनी 1983 मध्ये अंटार्क्टिकावरून आणलेलं शेवाळ तीस वर्षांहून अधिक काळ उणे 20 अंशांवर होतं. त्यातले टार्डिग्रेड जागे झाले, एकाने अंडीही घातली.

जुना_मास्तर
शेवाळात सोपं पडतं, मान्य. पण मुलाला तोच एक जीव आधी आणि नंतर दाखवायचाय.

अर्धवर्तुळ
दोन्ही करा. आणि मेलेली टाकू नका, ताई. चपटं आणि पिंप शेजारी-शेजारी ठेवलेलं मी कुठल्याच शाळेत पाहिलेलं नाही.

पागोळी
गडग्याच्या आतल्या बाजूला, पन्हळीखाली, पाऊस न लागणारं सुकं शेवाळ मिळालं. पावसाच्या पाण्यात टाकून तीन तास झाले. आत्ता हाक मारून त्यानेच दाखवलं: एक पिंप लांब झालंय आणि मागचा एक पाय हलतोय. बाकीची अजून तशीच. कागदावरची वाटीखाली आहेत, मी उद्या दुपारपर्यंत उघडू देणार नाही.

कौलारू
ताई, पन्हळ गळते का?