स्पुटनिक झुंबराच्या क्रोमवर तांबूस ठिपके

प्रश्न: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं १२ दांड्यांचं स्पुटनिक झुंबर (मधल्या गोळ्यातून चहूकडे दांड्या निघालेलं) आहे. क्रोमवर गंजाचे ठिपके आलेत. कशाने घासू? होल्डर ई२७ (आट्यांचा बल्ब फिरवून बसवायचे) आहेत.

उत्तर: पॉलिश पेपर अजिबात नको. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असते. लगेच पुसून, वाळवून मेणाचा पातळ हात द्या. पडलेले खड्डे मात्र भरत नाहीत, आणि आपला खारा वारा तिथूनच आत शिरतो.

उत्तर: आधी वायर बघा हो! वाकवल्यावर आवरण तडकलं तर सगळी बदला, सांगाड्याला अर्थिंग द्या. होल्डर राहू देत, आट्यांचे एलईडी मिळतात. ४ वॅटचे १२ म्हणजे ४८ वॅट. जुने ४० वॅटवाले लावले तर ४८०, होल्डर भाजतील.

उत्तर: पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो.